शिकवील तो टिकवील

धाकट्या मालकांसाठी मामाचे कानमंत्र

बाळा,

नऱ्ह्यातलं वर्कशॉप असो, नाना पेठेतलं गॅरेज असो की कर्वेनगरातली बेकरी, माझ्याकडे येणारा प्रत्येक धाकटा मालक बसल्या बसल्या एकच वाक्य ऐकवतो, "मामा, माणसं मिळत नाहीत हो." मी चहा पुढे करतो आणि विचारतो, "मिळालेल्यांना काय काय शिकवलंस?" मग चहा गार होईपर्यंत कुणी बोलत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस, मी मायेनेच विचारतो.

पुण्याच्या परिसरात तयार झालेल्या माणसाला चाकण-रांजणगावच्या मोठ्या कंपन्या आधी बोलावतात. पाच-दहा माणसांच्या धंद्याला तो परवडत नाही, आणि परवडला तरी फार दिवस राहत नाही. तेव्हा आपला माणूस आपल्याच छपराखाली घडवायचा. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा आसपासच्या खेड्यांतली माणसं यंत्रावर उभी केली. टेल्को १९६६ साली पुण्यात आली ती शिकाऊ मुलांच्या प्रशिक्षणाची सोय घेऊनच. आणि कसब्यातल्या तांबट आळीत मुलं थोरांच्या शेजारी बसून, कान आणि हात दोन्ही लावून माठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यांवर ठोके मारायचं काम, शिकत आली. मोठ्यांनी जे मोठ्या पैशांत केलं, ते तुला लहान लहान सवयींनी करता येईल. त्या सवयी खाली लिहून देतो. सावकाश वाच.

आधी नीट बघ

१. "माझी माणसं कच्ची आहेत" असं मोघम बोलू नकोस. कोण, कोणत्या कामात, कुठे अडतो ते लिहून काढ — नाव दिलेली अडचण अर्धी सुटते, मोघम तक्रार मात्र वर्षानुवर्षं तशीच राहते.

२. एका मोठ्या कागदावर डावीकडे माणसांची नावं आणि वर कामांची नावं लिही, आणि प्रत्येक चौकोनात चार भागांचा गोल काढ: माहीत आहे, कुणी जवळ असेल तर करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. जेवढं येतं तेवढे भाग रंगव — तासाभरात धंद्याची खरी ताकद भिंतीवर दिसते.

३. हा तक्ता केबिनमध्ये एकट्याने भरू नकोस, प्रत्येकाला शेजारी बसवून भर — तुला वाटतं त्याला येतं, आणि त्याला वाटतं तुला माहीत आहे की येत नाही.

४. ज्या कामाखाली एकच गोल पूर्ण भरला असेल, तिथे लाल खूण कर आणि शिकवायला तिथूनच सुरुवात कर — एकाच्या खिशात किल्ली, तर दुकानाला कधीही सुट्टी.

५. रिजेक्शन, परत आलेला माल आणि गिऱ्हाइकाची तक्रार या तिन्हींची एकच वही ठेव आणि महिन्याअखेरी वाच — एकदा झालेली चूक माणसाची असू शकते, पण तीच चूक तिघांच्या हातून झाली तर ती आपल्या शिकवण्यातली आहे.

६. चूक दिसली की ओरडण्याआधी तीन गोष्टी विचार: सांगितलं होतं का, हत्यार नीट होतं का, वेळ पुरेसा दिला होता का — झिजलेल्या इन्सर्टचा आणि पुसट ड्रॉइंगचा दोष पुष्कळदा ऑपरेटरच्या माथी जातो.

७. आज लागतं तेवढंच बघू नकोस, दोन वर्षांनी काय लागेल तेही तक्त्यात लिही — १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, दुचाकीचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, आणि सेन्सर-स्कॅनरशी ओळख न करून घेतलेल्या चांगल्या चांगल्या मेकॅनिकांचे हात थबकले.

८. गॅरेज असेल तर नाव ओळखीचं आहे म्हणून काम ओळखीचं धरू नकोस — पूर्वीचा चेतक पेट्रोलवर धावायचा, २०२० साली आलेला चेतक बॅटरीवर चालतो, आणि त्याची वायरिंग शिकल्याशिवाय हात लावणं जिवावर बेतू शकतं.

९. पुण्याचं वर्ष ओळखून चाल: जूनमध्ये पेरणीला, गणपतीत घरी, दिवाळीत आणि छठला गावी माणसं जाणारच. बदली माणूस मे महिन्यात आणि नवरात्राआधी तयार ठेव — सण दरवर्षी येतो, तरी बेसावध मालकाला तो दरवर्षी नवा वाटतो.

माणूस घेताना

१०. फार हुशार माणसाच्या मागे धावण्यापेक्षा वेळेवर येणारा आणि प्रश्न विचारणारा माणूस घे — रोज येतो, त्याला काम येतं.

११. मुलाखतीत अनुभव किती वर्षांचा ते विचारण्याआधी हातात व्हर्निअर आणि एक नग दे. ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचतो का, आणि मोजण्याआधी झिरो तपासतो का, एवढंच बघ — तोंडातला अनुभव आणि हातातला अनुभव दोन मिनिटांत वेगळे होतात.

१२. औंधच्या आयटीआयमध्ये परीक्षेच्या आधी जाऊन निदेशकांना भेट, तुझं काम काय आहे ते सांग — फिटर-टर्नर दोन वर्षं आणि वेल्डर एक वर्ष शिकून येतात, त्यातला तुझ्या कामाला साजेसा मुलगा कोण हे निदेशकांइतकं कुणाला ठाऊक नसतं.

१३. मुलींची आयटीआयही औंधला आहे, तिथेही जा. पोरींना नुसतं पॅकिंगच्या टेबलाशी बसवू नकोस. गेज, मशीन, ड्रॉइंग हातात दे — अर्ध्या गावाला दार लावून "माणसं मिळत नाहीत" म्हणणं बरोबर नाही.

१४. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचा आहे, तो लहानांनाही उपयोगी पडतो. चार ते एकोणतीस माणसांच्या धंद्याला शिकाऊ उमेदवार घेणं ऐच्छिक आहे, तीस किंवा जास्त असतील तर बंधनकारक. आणि एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेता येतात — ऐच्छिक शब्द वाचून कागद बाजूला टाकू नकोस, ती सवलत तुझ्यासाठीच आहे.

१५. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ साली सुरू झाली. तिच्यात विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. करार करण्याआधी योजनेच्या पोर्टलवर ताजे नियम वाचून घे — नोंदणी केलेल्या मुलाला शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येतं, आणि त्या ओढीने तो मन लावून शिकतो.

१६. शिकाऊ मुलाला चहा आणायला आणि बुरादा झाडायलाच ठेवू नकोस. झाडू सगळ्यांनी मारायचा, त्यानेही मारायचा, पण दिवसाचा ठरावीक वेळ त्याने मशीनपाशीच काढला पाहिजे — वर्षभर झाडलोट केलेला मुलगा वर्षाअखेरी झाडलोटच शिकलेला असतो.

१७. पहिल्या दिवशी त्याला सगळ्यांची ओळख करून दे, पाण्याची जागा, स्वच्छतागृह आणि मशीन बंद करायचं लाल बटण दाखव — घाबरलेल्या माणसाच्या कानात पहिल्या आठवड्यात काहीच शिरत नाही.

शिकवताना

अमेरिकेत १९४० साली, महायुद्धाच्या तोंडावर, कारखान्यांत नवखी माणसं भराभर भरावी लागली, तेव्हा शिकवण्याची चार पायऱ्यांची रीत बसवली गेली. युद्धानंतर ती जपानला गेली आणि तिथल्या कारखान्यांनी ती अंगी बाणवली. तिला मोठी यंत्रं लागत नाहीत, मोठा पैसाही लागत नाही. आपल्या शेडमध्ये ती जशीच्या तशी चालते.

१८. पहिली पायरी, मन मोकळं कर: या कामातलं त्याला आधी काय येतं ते विचार आणि हा नग पुढे कुठे बसतो ते सांग — आपला तुकडा कोणत्या गाडीत जातो हे कळलं की हात आपोआप जपून चालतो.

१९. दुसरी, करून दाखव: एकदा नुसतं, दुसऱ्यांदा प्रत्येक टप्पा तोंडाने सांगत, तिसऱ्यांदा "असं का" तेही सांगत — कारण कळलेला माणूस आडवाट घेत नाही.

२०. तिसरी, त्याच्याकडून करून घे, आणि करताना त्याच्या तोंडून टप्पे वदवून घे — "समजलं का?" विचारलं की सगळे "हो" म्हणतात, "आता तू मला सांग" म्हटलं की खरं काय ते कळतं.

२१. चौथी, कामाला लाव आणि अडला तर कुणाला हाक मारायची ते नाव घेऊन सांग. पहिल्या दिवशी तासातासाने जा, मग दिवसातून दोनदा, मग एकदा — नव्या माणसाला मालकाला हाक मारायची लाज वाटते, शेजारच्याला मारायची नाही वाटत.

२२. दाखवताना त्याला समोर उभं करू नकोस, शेजारी उभं कर — समोरून डावं-उजवं उलटं दिसतं आणि हात तसेच उलटे शिकतात.

२३. एका दिवशी एकच नवी गोष्ट दे — मापन, सेटिंग, ऑफसेट आणि रिपोर्ट एकाच दुपारी सांगितले तर संध्याकाळी त्याच्याजवळ फक्त डोकेदुखी उरते.

२४. काम सोपवलंस की दोन पावलं मागे हो. शिकवणं विरजणासारखं असतं, सारखं ढवळलं की दही लागत नाही — मालक डोक्यावर उभा असला की माणूस कामाकडे बघायचं सोडून मालकाकडे बघतो.

२५. मागे झालास तरी पहिला नग तपासल्याशिवाय दुसरा लागू देऊ नकोस, मग ऑपरेटर नवा असो की मुरलेला — पहिल्या नगाची पाच मिनिटं वाचवली की दोनशे नगांचं स्क्रॅप होतं.

२६. शिकवायला सकाळची पहिली पंधरा मिनिटं ठेव, गाडी भरायच्या वेळेला कधीच नको — घाईत शिकवलेलं घाईच शिकवतं.

२७. शिकायचा वेळ पगाराच्या तासांत धर, सुट्टीच्या दिवशी फुकट बोलावू नकोस — ज्या वेळाचे पैसे मालक देत नाही, तो वेळ त्याच्या लेखी महत्त्वाचा नाही असं माणसं समजतात, आणि बरोबरच समजतात.

२८. तुझ्याकडे बिहार, ओडिशा, मराठवाडा असे सगळीकडचे असतील. सूचना लांबलचक लिहू नकोस, फोटो लाव आणि खाली चार शब्द मराठीत, चार हिंदीत — चित्राला भाषा लागत नाही.

२९. चूक एकट्याला बाजूला घेऊन सांग, शाबासकी सगळ्यांसमोर दे — चारचौघांत झापलेला माणूस पुढची चूक लपवतो, आणि लपवलेला नग गिऱ्हाइकाच्या दारात उघडा पडतो.

३०. जुन्या उस्तादाला मान देऊन शिकवायला बसव आणि तयार केलेल्या प्रत्येक माणसामागे त्याच्या पगारात काहीतरी भर घाल — सगळं शिकवलं की आपली गरज संपेल ही भीती त्याच्या मनात असते. ती शब्दांनी जात नाही, पगारपत्रकाने जाते.

३१. मात्र सगळ्यात तरबेज माणूसच सगळ्यात चांगला शिकवतो असं धरून चालू नकोस. नुकताच शिकलेला मुलगा कधी कधी जास्त नीट सांगतो — आपण कुठे अडखळलो होतो ते त्याला अजून आठवत असतं.

वही, फोटो आणि मोबाइल

३२. प्रत्येक कामाचा एक पानी कागद कर: काय लागतं, क्रम काय, कुठे जपायचं, कसं तपासायचं. दोन पानं झाली तर काटछाट कर — दुसरं पान कुणी उलटत नाही.

३३. तो कागद काम करणाऱ्याच्या शब्दांत लिही आणि खाली त्याचं नाव घाल — स्वतःचं नाव असलेला कागद माणूस स्वतः पाळतो आणि दुसऱ्याला पाळायला लावतो.

३४. अवघड सेटिंगचा मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ, आवाज त्या कारागिराचाच असू दे — तो गावी गेल्यावर त्याचे हात इथेच राहतात.

३५. एक चांगला नग आणि तीन-चार बिघडलेले नग फळीवर शेजारी शेजारी ठेव, प्रत्येकाला कारणाची चिठ्ठी बांध — बर, टेपर, चॅटर हे शब्द सांगून कळत नाहीत, बोट फिरवलं की कळतात.

३६. मोजायचं हत्यार आणि त्याचं कव्हर ही पहिल्या आठवड्याची शिकवण असू दे; व्हर्निअर हातोडीच्या खणात दिसला तर त्याच दिवशी बोल — मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटर मोजतो, आणि एकदा आपटला की तो शांतपणे चुकीचं सांगू लागतो.

३७. वेल्डिंगचं काम असेल तर पावसाळ्याआधी रॉडची शिकवणी घे. ७०१८ चे रॉड ओव्हनमध्ये कोरडे करूनच वापरायचे — ओल्या रॉडच्या जोडात बारीक छिद्रं पडतात, आणि ती वरून रंग दिल्यावर दिसत नाहीत.

३८. बेकरी किंवा खाणावळ असेल तर "अंदाजाने" हा शब्द वजनकाट्यावर ठेव: मीठ, यीस्ट, तूप ग्रॅममध्ये लिही, भट्टीचं तापमान आणि वेळ लिही — आचारी बदलला तरी चव बदलली नाही तर गिऱ्हाईक टिकतं.

३९. हिशेबाचं काम दोघांना येऊ दे. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या धंद्यात जीएसटीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला आणि ३-बी २० तारखेला द्यायचं असतं. त्या तारखा भिंतीवर लिही आणि पासवर्ड दोन ठिकाणी ठेव — टॅली एकट्या ताईला येत असेल, तर तिच्या घरच्या लग्नात दंड तुला भरावा लागतो.

४०. निवृत्तीला आलेल्या माणसाकडून शेवटचं वर्षभर दर आठवड्याला एक गोष्ट लिहून घे — निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ देता येतं, पण चाळीस वर्षांचं ज्ञान एका संध्याकाळी घेता येत नाही.

४१. प्रत्येक कागदावर तारीख घाल आणि मशीन, माल किंवा ड्रॉइंग बदललं की जुना कागद काढून टाक — चुकीचा कागद भिंतीवर असण्यापेक्षा भिंत रिकामी बरी.

बाहेरची मदत मागताना

४२. नवं सीएनसी मशीन घेताना ऑर्डरमध्येच लिहून घे की शिकवायला माणूस दोनदा येईल: एकदा मशीन बसवताना, एकदा दोन-तीन महिन्यांनी — पहिल्या वेळी पोरांना प्रश्नच सुचत नाहीत, दुसऱ्या वेळी वहीभर असतात.

४३. मराठा चेंबर १९३४ पासून पुण्यात धंदेवाल्यांसाठी काम करतं आहे; त्यांच्या कार्यशाळांची यादी बघत जा आणि मालकाऐवजी कधी सुपरवायझरला पाठव — नवी दृष्टी शेडमधल्या माणसाला मिळाली तर ती त्याच दिवशी कामाला लागते.

४४. शेजारच्या चार शेडवाल्यांशी बोल, मिळून एक शिकवणारा बोलाव, गेज वाचणं आणि ड्रॉइंग वाचणं यासारखे विषय घे — शिकवणीचा खर्च वाटला की हलका होतो, शिकलेलं वाटलं तरी कमी होत नाही.

४५. खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयचं फोस्टॅक प्रशिक्षण चुकवू नकोस. अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा असा त्यांचा दंडक आहे — हात धुण्याची शिस्त एकाला नीट समजली की तो बाकीच्यांना लावतो.

४६. ज्याला काम येतं पण कागद नाही, त्याला पूर्वशिक्षणाची मान्यता देणाऱ्या चाचणीची माहिती दे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ती सोय झाली — हातातल्या कसबावर शिक्का बसला की माणूस ताठ चालतो आणि पुढचं शिकायला स्वतःहून मागतो.

४७. दहावी राहिलेल्या पोराला पूना नाइट हायस्कूलची, आणि पदवीची हौस असलेल्याला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची वाट दाखव. परीक्षेच्या आठवड्यात ओव्हरटाइम लावू नकोस — ड्रॉइंग वाचायला भूमिती लागते, आणि ती शाळेतच मिळते.

४८. सवड काढून एकदा शिरूर तालुक्यातल्या पाबळला जाऊन ये. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुलंही हाताने काम करत करत वेल्डिंगपासून वायरिंगपर्यंत सगळं शिकतात — "याला काही जमणार नाही" हे वाक्य तिथून आल्यावर तुझ्या तोंडून निघणार नाही.

४९. जो बाहेर शिकून येईल त्याने दुसऱ्या दिवशी अर्धा तास बाकीच्यांना सांगायचं, असा नियमच ठेव — सांगावं लागणार हे माहीत असलं की माणूस तिथे पेंगत नाही.

५०. शिकवणीचं फळ प्रमाणपत्राच्या फ्रेममध्ये शोधू नकोस, रिजेक्शनच्या वहीत शोध — वही सुधारली नाही तर शिकवणी बदल, माणूस नव्हे.

पगार, मान आणि निरोप

५१. नवं काम शिकला की त्याच महिन्यात पगारात थोडी का होईना वाढ दे, दिवाळीची वाट बघू नकोस — उशिरा दिलेली शाबासकी बोनसात विरघळते, कशाबद्दल मिळाली तेच कळत नाही.

५२. हेल्पर, ऑपरेटर, सेटर, सुपरवायझर, प्रत्येक पायरीवर काय यायला हवं आणि पगार किती, ते लिहून भिंतीवर लाव — वरची पायरी दिसली की माणूस रस्त्यापलीकडच्या शेडकडे बघत नाही.

५३. "शिकवलं की जातो" ही भीती मी पुण्यातल्या प्रत्येक लहान मालकाच्या तोंडून ऐकली आहे. काही जातातच, पण जाणारा गावात सांगतो की तिथे शिकायला मिळतं, आणि त्याच्या मागून दोघं येतात — म्हणून म्हणतो, शिकवील तो टिकवील.

५४. कुणाची मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवू नकोस, पगार दाबून ठेवू नकोस — बांधलेला माणूस हाताने काम करतो, मनाने त्याच दिवशी गेलेला असतो.

५५. जाणाऱ्याला हसत निरोप दे आणि शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडून दुसऱ्याला शिकवून घे — चांगला गेलेला माणूस अडचणीच्या रात्री फोनवर मदत करतो, आणि कधी कधी परतही येतो.

५६. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते तेव्हा सगळ्यात नव्या मुलाच्या हातून फूल वाहू दे, आणि वर्षभरात कोण काय शिकलं ते नाव घेऊन सांग — ज्या हत्याराची त्याने पूजा केली, ते तो जमिनीवर टाकत नाही.

आणि तू स्वतः

५७. वर्षातून एक तरी काम तू नव्याने शीक, आणि ते तुझ्याच माणसाकडून शीक — मालक विद्यार्थी झालेला दिसला की शिकण्याची लाज सगळ्यांचीच जाते.

५८. प्रश्न विचारणाऱ्याला "एवढंही कळत नाही?" असं कधीच म्हणू नकोस — एका टोमण्याने दहा प्रश्न बंद होतात, आणि न विचारलेल्या प्रश्नांचंच पुढे स्क्रॅप होतं.

५९. दर शनिवारी अर्धा तास तक्त्यासमोर उभा राहून कुणाचा कोणता गोल किती भरला ते बघ, माणसांना सोबत घे — मालक ज्याकडे दर आठवड्याला बघतो, ते काम होतं; बाकी सगळं राहतं.

बाळा, यादी लांबली, पण हे सगळं एकदम करायला जाऊ नकोस. अंगावर घेशील आणि पंधरवड्यात सोडून देशील. या सोमवारी फक्त तक्ता काढ. त्यातली एक लाल खूण निवड, त्या कामासाठी एक शिकणारा आणि एक शिकवणारा ठरव, आणि दोघांना रोज सकाळची पंधरा मिनिटं दे. महिनाभराने तो गोल भरला की दुसरी खूण घे. बाहेरून तयार माणूस येईल म्हणून वाट बघत बसू नकोस. तो आज तुझ्याच शेडमध्ये हेल्पर म्हणून उभा आहे. त्याला हाक मार आणि शिकवायला लाग.

तुझा,
मामा